आईच्या ओव्यांची फिल्म घरच्या कॉम्प्युटरवर कशी करू?

प्रश्न : मी ६१ वर्षांची निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्ह्यात राहते. आई ८३ वर्षांची, पाटण तालुक्यात आमच्या गावी असते. तिला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येतात आणि आवाज अजून खणखणीत आहे. गेल्या दिवाळीपासून मी आणि भाच्याने मिळून मोबाईलवर तिचं पहाटे दळतानाचं शूटिंग केलं. ४७ क्लिप आहेत, सगळं मिळून तीन तासांच्या आसपास. त्यातल्या काही मोबाईल उभा धरून घेतल्यात. यातून घरच्या माणसांसाठी वीसेक मिनिटांची फिल्म करायची आहे. घरी मुलाचा जुना कॉम्प्युटर आहे. आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मुलगा म्हणतो, ऐंशी हजारांचा नवा घ्यावा लागेल. इथला एक क्लास २५ हजार मागतो. मी एक सॉफ्टवेअर टाकून पाहिलं, तर चित्र अडकत अडकत चालतं आणि थोड्या वेळाने ओठ आणि आवाज जुळेनासे होतात. दोनदा रडकुंडीला येऊन बंद केलं. या वयात मला हे जमेल का? सुरुवात कुठून करू?

उत्तर :

ताई,

निदान ही फिल्म पुरी होईपर्यंत नव्या कॉम्प्युटरवर आणि क्लासवर एक रुपयाही घालवू नका. तुमच्याकडे आहे तेवढ्यावर हे काम होतं. मी गेली सव्वीस वर्षं एडिटिंग करतोय. लग्नाच्या कॅसेटींच्या मिक्सिंगपासून सुरुवात केली, आणि तेव्हा ज्या मशीनवर रात्र रात्र काढली ते तुमच्या आय-थ्रीच्या पासंगालाही पुरलं नसतं. चित्र अडकणं आणि आवाज न जुळणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दोन्हींवर फुकटचा इलाज आहे, आणि दोन्हींत तुमची काही चूक नाही. त्याकडे येतोच.

वयाचं म्हणाल, तर आपल्याकडे सिनेमाचं काम घरातूनच सुरू झालंय. दादासाहेब फाळक्यांचा पहिला चित्रपट १९१३ साली पडद्यावर आला, तेव्हा कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं ही कामं सरस्वतीबाई फाळके करत होत्या, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. दादासाहेबांनी दाखवलं, त्या करत गेल्या. तुम्ही तर आयुष्यभर साठ-साठ मुलांचे पेपर तपासलेत. तीन तासांतून वीस मिनिटं वेगळी काढायची तर तीच नजर लागते.

पण सॉफ्टवेअर उघडण्याआधी आजच्या आज एक काम करा. सगळ्या मूळ क्लिपच्या दोन प्रती करा. एक कॉम्प्युटरवर आणि एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा मोठ्या पेन ड्राइव्हवर, आणि ती दुसरी प्रत शक्यतो मुलाच्या घरी ठेवा. साध्या एचडीमध्ये घेतलं असेल तर मिनिटाला साधारण ६० ते १५० एमबी जागा लागते, म्हणजे तीन तासांचे फार तर २७ जीबी. ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर हे आरामात मावतं. भाच्याने त्याच्या क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारख्या व्हिडिओ म्हणून पाठवल्या असतील तर त्या वापरू नका. पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप त्या दाबून लहान करतं, आणि पहाटेच्या अंधारातलं चित्र त्यात पार चिखल होतं. त्याचा फोन केबलने जोडून मूळ फाइल उतरवून घ्या. आणि तो जागा करायला म्हणून फोनमधून काही उडवण्याआधी त्याला आज फोन करा.

हे मी इतक्या घाईने का सांगतोय, तर २००५ साली मी एका लग्नाची मिनी-डीव्ही टेप हार्ड डिस्कवर उतरवली आणि दुसऱ्याच दिवशी तीच टेप दुसऱ्या लग्नाला वापरली. चार दिवसांनी हार्ड डिस्क गेली. त्या लग्नात नवरीच्या आजोबांनी स्वतः मंगलाष्टकं म्हटली होती. वर्षभरात ते गेले. त्यांचा आवाज दुसऱ्या कुणाकडेच नव्हता. त्या घरच्या माणसांनी मला एका शब्दाने दुखावलं नाही, आणि ते मला अजून टोचतं.

प्रती झाल्या की एक वही घ्या. हजेरीपुस्तकासारखे रकाने आखा : क्लिपचा क्रमांक, कितव्या मिनिटाला, काय आहे, शेरा. आणि कानाला हेडफोन लावून, व्हीएलसीसारख्या साध्या प्लेयरवर तीनही तास पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा. रोज एक तास, तीन संध्याकाळी. काही कापायचं नाही, फक्त नोंदी करायच्या. नवशिका माणूस हे टाळतो, थेट सॉफ्टवेअरमध्ये क्लिप ओततो आणि मग तीन तासांच्या गर्दीत हरवतो. तुम्ही दोनदा रडकुंडीला आलात त्यात सॉफ्टवेअरचा वाटा असेल, पण अर्धा वाटा या गर्दीचा असणार, असं मला वाटतं.

नोंदी करताना फक्त चांगल्या म्हटलेल्या ओव्यांवर खूण करू नका. ओवी अडल्यावर आई कशी हसते, मध्येच भाच्याला "उजेडातनं सर" म्हणते का, पदराने कपाळ पुसते का, हेही टिपा. तुम्हाला आत्ता या जागा बिघाड वाटतील. दहा वर्षांनी घरातली माणसं ही फिल्म लावतील तेव्हा याच जागी थांबून पुन्हा बघतील. उलट कुकरची शिट्टी, ओवीवर चढलेला टीव्हीचा आवाज, किंवा भाच्याचं "हां, म्हण आजी" हे ओवीच्या मध्ये आलं असेल तर तिथे फुली मारा आणि तीच ओवी दुसऱ्या दिवशीच्या क्लिपमध्ये आहे का बघा.

तीन तासांतून चाळीस-पंचेचाळीस मिनिटं निवडली जातील. मग प्रत्येक निवडलेल्या तुकड्याची एक चिठ्ठी करा, दोन शब्दांत काय आहे ते लिहा आणि चिठ्ठ्या जमिनीवर मांडा. क्रम ठरवायच्या आधी आईला फोन करून विचारा : जात्यावर बसलं की आधी कुणाची ओवी, मग कुणाची? देवाची, मग माहेराची, मग भावाची, लेकीची, असा काहीतरी क्रम तिच्या मनात पक्का असेल. त्या क्रमासारखा क्रम तुम्हाला कुठल्याही क्लासात मिळायचा नाही.

आता अडकणारं चित्र. मोबाईल सेकंदाला तीस चित्रं घेतो, पण तीसही पूर्ण साठवत नाही. एखादं चित्र पूर्ण ठेवतो आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढं नोंदवतो, आपण रजिस्टरमध्ये 'वरीलप्रमाणे' लिहितो तसं. नुसतं बघत जायचं तर हे चालून जातं. एडिटिंगमध्ये तुम्ही मध्येच कुठेतरी बोट ठेवता, आणि कॉम्प्युटरला वर जाऊन पूर्ण नोंद शोधून तिथून खाली एकेक 'वरीलप्रमाणे' उलगडत यावं लागतं. जुनं मशीन त्यात दमतं. यावर इलाज म्हणजे प्रॉक्सी. सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची एक हलकी नक्कल करून ठेवतं, तुम्ही सगळी कापाकापी त्या नकलेवर करता, आणि शेवटी फिल्म बाहेर काढताना ते आपोआप मूळ क्लिप उचलतं. फिल्मचा दर्जा तसूभरही कमी होत नाही.

आणि आवाज न जुळण्याचं कारण असं की मोबाईल ते सेकंदाला तीस चित्रांचं गणित इमानदारीने पाळत नाही. उजेड कमी झाला की तो कधी चोवीस घेतो, कधी अठ्ठावीस. आवाज मात्र एकसारखा चालू असतो. एडिटिंग सॉफ्टवेअर सगळीकडे तीस धरून चालतं, आणि मग पाचव्या-सहाव्या मिनिटाला आईचे ओठ एकीकडे आणि ओवी दुसरीकडे. तुमच्या क्लिप पहाटेच्या आहेत, त्यामुळे हा त्रास जास्तच होणार. अशा क्लिप आधी एकसारख्या गतीच्या करून घ्याव्या लागतात.

या दोन्ही गोष्टी ज्यात सोप्या आहेत असं फुकट सॉफ्टवेअर म्हणजे शॉटकट. ते त्याच्या मूळ साइटवरूनच उतरवा. एचडी कामासाठी त्याला ८ जीबी रॅम आणि दोन कोअरचा प्रोसेसर लागतो, म्हणजे तुमचं मशीन त्यात बसतं. केडेनलाइव्हही तितकंच चांगलं आहे. डाव्हिन्ची रिझॉल्व्हचं नाव तुम्हाला खूप जण सांगतील. त्याची फुकट आवृत्ती मी स्वतः रोज वापरतो आणि ती जबरदस्त आहे, पण तिला वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम असल्याशिवाय हात लावण्यात अर्थ नाही. मुलगा ऐंशी हजार म्हणतोय ते बहुतेक त्याच हिशेबाने. विंडोज मूव्ही मेकर मायक्रोसॉफ्टने २०१७ सालीच बंद केलं, त्या नावाने आज जे डाउनलोड मिळतं त्यापासून लांब राहा. आणि कुणी पेन ड्राइव्हवर महागड्या सॉफ्टवेअरची चोरीची प्रत आणून दिली तर घेऊ नका. त्यातून व्हायरस आला तर आईचे तीन तास त्याच मशीनवर आहेत.

शॉटकट उघडलं की नवीन प्रोजेक्टला नाव द्या आणि व्हिडिओ मोडमध्ये एचडी १०८०पी, ३० एफपीएस (म्हणजे सेकंदाला तीस चित्रं) निवडा. सेटिंग्ज मेनूत प्रॉक्सी चालू करा आणि प्रिव्ह्यू स्केलिंग, म्हणजे काम करताना दिसणाऱ्या चित्राचा आकार, ५४०पी वर ठेवा. गती कमीजास्त असलेली क्लिप आत घेतली की शॉटकट स्वतःच विचारतं, एडिटिंगसाठी सोयीच्या फाइलमध्ये बदलू का. हो म्हणा, आणि दर्जाच्या पट्टीवर पहिला पर्याय ठेवा, नाहीतर फाइली अवाढव्य होतील. हे सगळं सावकाश होतं. रात्री जेवण झाल्यावर लावून झोपलात तरी चालेल. एक गोष्ट मात्र कायम लक्षात असू द्या : प्रोजेक्टच्या फाइलमध्ये व्हिडिओ नसतो, फक्त कुठली क्लिप कुठून कुठपर्यंत एवढी यादी असते. म्हणून काम सुरू केल्यावर क्लिपचा फोल्डर हलवायचा नाही आणि फाइलींची नावं बदलायची नाहीत.

हात बसवायला आधी फक्त दोन मिनिटांचं काम करा. एक ओवी, एक हसणं, अंगणाचं एक चित्र, बास. लागणारी बटणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. एल पुढे, के थांबा, जे मागे. एस म्हणजे टाइमलाइनवर, तुकडे ओळीने मांडायच्या पट्टीवर, रेषा उभी आहे तिथे कट. एक्स म्हणजे निवडलेला तुकडा उडव आणि पुढचं सगळं मागे ओढून घे. झेड म्हणजे तुकडा उडव, पण जागा रिकामी राहू दे. चुकलं तर कंट्रोल-झेड. मूळ क्लिपला यातल्या कशानेही धक्का लागत नाही, तेव्हा निर्धास्तपणे कापा.

कट कुठे मारायचा, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर तुमच्या आईच्या हातात आहे. तिची एखादी क्लिप घ्या आणि आवाज बंद करून बघा. उजवा हात खुंट्यावर फिरतोय. ओवी संपते, डावा हात सुपाकडे जातो, वैरणीची, म्हणजे दळायच्या दाण्यांची, मूठ उचलतो आणि जात्याच्या तोंडात सोडतो. आता आवाज लावून तेच बघा. मूठ सुटायच्या आधी जातं रिकामं होत आलेलं असतं, त्याची घरघर जरा कर्कश झालेली असते. वैरण पडली की आवाज भरीव होतो, क्षणभर लय मंदावते, आणि मग ती पुढची ओवी उचलते. तुमचा कट त्या मुठीवर मारा. लांबून घेतलेल्या चित्रात हात सुपातून वर येतोय तिथपर्यंत ठेवा, आणि जवळून घेतलेल्या चित्रात दाणे पडतायत तिथून पुढे सुरू करा. हालचाल चालू असताना मारलेला कट बघणाऱ्याला जाणवत नाही, कारण त्याचा डोळा हाताच्या मागे गेलेला असतो. ओवीच्या मध्ये, आईने श्वास घेण्याआधी मारलेला कट मात्र लहान मुलालाही खटकतो.

वेगवेगळ्या दिवशी घेतलंय म्हणजे लुगडं बदललेलं असणार. एका ओवीतून दुसऱ्या ओवीत जाताना लुगड्याचा रंग बदलला तर बदलू द्या. पण एकाच ओवीचे दोन दिवसांचे तुकडे जोडत असाल तर मध्ये जात्याच्या कडेने पडणारं पीठ, सूप, चुलीचा धूर, असं आई नसलेलं चित्र तीन-चार सेकंद घाला.

यापुढचं कान देऊन वाचा, कारण घरगुती फिल्म हमखास आवाजात मार खाते. चित्र थोडं हललं, अंधुक आलं तरी लोक बघतात, आवाज तुटला की उठून जातात. तुमच्या फिल्ममध्ये प्रत्येक कटला जात्याची घरघर तुटणार. एका क्लिपमध्ये फोन जवळ होता, दुसरीत दाराशी. त्यासाठी पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा आईला सांगा, ओवी न म्हणता तीन मिनिटं नुसतं दळ. फोन जमिनीवर ठेवू नका, हादरे त्यात जातात. घडी घातलेल्या गोधडीवर, जात्यापासून हातभर अंतरावर ठेवा, पंखा बंद करा आणि कुणालाही बोलू देऊ नका. ही तीन मिनिटं टाइमलाइनवर खालच्या वेगळ्या ऑडिओ ट्रॅकवर सगळ्या जात्याच्या प्रसंगांखाली पुन्हापुन्हा जोडून सलग पसरा, आणि आवाज आईच्या आवाजापेक्षा १५ ते २० डेसिबलने खाली ठेवा. मग वरचे कट कानाला लागत नाहीत, सगळी दळणं एकाच पहाटेची वाटतात.

मग क्लिपवर उजवं बटण दाबून तिचा आवाज चित्रापासून सुटा करा, म्हणजे आवाज आणि चित्र वेगवेगळ्या जागी कापता येतं. फिल्मची सुरुवातच अशी करून बघा : पडद्यावर अंगण, अजून पुरतं उजाडलेलं नाही. पाच-सहा सेकंद नुसती घरघर ऐकू येते. मग आईचा आवाज लागतो. आणि पहिली ओवी निम्मी झाल्यावर ती दिसते. ज्यांच्या घरी जातं होतं त्यांना ते असंच भेटायचं, अंथरुणात असताना आधी कानाला.

आवाज स्वच्छ करायला म्हणून नॉइज रिडक्शन लावू नका. ते एकसारखा चाललेला आवाज म्हणजे कचरा असं समजतं. तुमच्या क्लिपमधला एकसारखा आवाज म्हणजे जातं. ते उपटताना आईचा आवाजही पाण्याखालून आल्यासारखा होईल. फक्त गेन फिल्टरने कमीजास्त करा. आवाजाच्या मीटरवर आईचा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास खेळता असावा आणि शून्याला कधीच भिडू नये. पार्श्वसंगीत नको. बासरी नको, सिनेमातलं गाणं तर अजिबात नको. उद्या यूट्यूबवर टाकावंसं वाटलं तर त्या गाण्याच्या मालकाचा दावा तिथे आपोआप लागतो, आणि तसंही जात्याला साथीची गरज नाही. चित्र बदलताना फुलं, गोल गिरक्या यांच्या नादी लागू नका. साधा कट, आणि अगदी शेवटी हळूहळू अंधार, तो क्लिपच्या वरच्या कोपऱ्यातला गोल ठिपका ओढून करता येतो.

उभ्या क्लिपचं वाईट वाटून घेऊ नका. त्या फोर-के मध्ये घेतल्या असतील तर त्यांची रुंदी २१६० ठिपके असते, आणि तुमची फिल्म १९२० ठिपक्यांची आहे. म्हणजे उभ्या चित्रातून हवी ती आडवी पट्टी, आईचा चेहरा किंवा खुंट्यावरचा हात, दर्जा न घालवता काढता येते. साइज, पोझिशन अँड रोटेट हा फिल्टर लावून चित्र मोठं करा आणि वरखाली सरकवा. साध्या एचडीतल्या असतील तर दोन्ही बाजूंना काळं राहू दे. बाजूला तेच चित्र धूसर करून भरायची पद्धत मला आवडत नाही, डोळा सारखा तिकडे जातो.

ओवीचे शब्द पडद्यावर नक्की लिहा. शहरात वाढलेल्या नातवंडांना त्यातले निम्मे शब्द ऐकून कळणार नाहीत. शब्द आईला विचारूनच लिहा आणि तिच्या तोंडात जसे आहेत तसेच, पुस्तकी न करता. अक्षरासाठी मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. जुन्या डीटीपीचे फॉन्ट घेऊ नका, युनिकोडच घ्या. फॉन्ट निवडला की 'दऱ्या', 'तुझ्या', 'श्रावण' हे तीन शब्द लिहून बघा. जोडाक्षरं फुटत नसतील आणि 'ऱ्या' नीट उमटत असेल तर तो फॉन्ट पास. काही सॉफ्टवेअरात मराठी अक्षरं फुटतात, शॉटकटमध्ये सहसा फुटत नाहीत. ओळ पडद्यावर किती वेळ ठेवायची? मनात सावकाश दोनदा वाचून होईपर्यंत.

शेवटच्या पाटीवर आईचं पूर्ण नाव, गावाचं नाव आणि चित्रणाच्या तारखा घाला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि त्या कामात गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव ओवीबरोबर लिहून ठेवलेलं सापडतं. तुमच्या आईचंही राहू दे. तीन तासांचं मूळ चित्रणही फिल्म झाली म्हणून उडवू नका. फिल्ममध्ये न आलेली ओवी उद्या कुणाला तरी हवी असेल.

फिल्म बाहेर काढणं सगळ्यात सोपं. एक्सपोर्टमध्ये डीफॉल्ट निवडलं की एमपी-४ फाइल मिळते, ती टीव्हीवर, फोनवर, सगळीकडे चालते. वीस मिनिटांच्या फिल्मला तुमचं मशीन तास-दीड तास किंवा जास्तही घेईल. मध्ये वीज गेली तर पुन्हा लावायचं, काम वाया जात नाही. मात्र काम करताना दर थोड्या वेळाने कंट्रोल-एस दाबायची सवय लावून घ्या.

आणि पहिली प्रत झाली की ती ग्रुपवर टाकू नका. पेन ड्राइव्हवर घेऊन गावी जा, टीव्हीला लावा आणि आईच्या शेजारी वही-पेन घेऊन बसा. टीव्हीकडे बघू नका, तिच्याकडे बघा. ती कुठे ओठ हलवायला लागते, कुठे चुळबुळ करते, कुठे "ही आधी न्हाई, ती आधी" म्हणते, ते मिनिटासकट लिहून घ्या. ती यादी घेऊन घरी या आणि प्रोजेक्ट पुन्हा उघडा.